ओल्या दुपट्ट्यातले कागद

कौशल्या अमरावतीच्या फुलबाजारात तीस वर्षं बसतेय. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ती ओळखते, शेवंती घेणार की झेंडू. मग पोटच्या पोरीचं मन तिला कळणार नाही काय? साधनाला जपानला जायचं होतं. लाकडी ठशांनी चित्रं छापायची तिथली जुनी कला, उकियो-ए, ती व्हिडिओ बघबघून शिकली होती. तिथल्या एका छापखान्यात दोन वर्षं शिकायला वऱ्हाडातून एकालाच पाठवणार होते. निवड अकोल्यात, सगळ्यांसमोर छापून दाखवायचं, तेही भर मे महिन्यात. ही तारीख ठरवणाऱ्यानं अकोल्याचं ऊन कधी खाल्लं नसावं.

कौशल्या सोबत गेली. खरं सांगायचं तर निवड होऊ नये असंच तिला वाटत होतं. एकुलती एक लेक, दोन वर्षं परमुलखात! देवाच्या कानावर तिनं तसं घालूनही ठेवलं होतं.

चित्र मूर्तिजापूरच्या जुन्या शकुंतला आगगाडीचं. चार रंग, चार ठसे. ओलसर कागद दर वेळी ठशाच्या कोपऱ्यातल्या खाचेत बसवायचा आणि पाठीवरून चकतीनं घासायचा. कागद वाळला की आखडतो, मग रंग जागा सोडतो. पंख्याखाली साधनाचे कागद पापडासारखे वाळले आणि लाल रंग गाडीच्या डब्याच्या रेघेबाहेर गेला. तिनं घाईनं पाणी शिंपडलं, तर पुढच्या चित्रातले रंग फुटून एकमेकांत मिसळले.

"वाळून राहिले वं आई," ती रडवेली होऊन म्हणाली. "पानी मारलं त रंग पसरते."

एक तास उरला होता. कौशल्या हात बांधून बसली असती तर पोरगी कायमची घरी राहिली असती. हे तिला लख्ख कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. शेजारणीच्या टोपलीतलं फूलही तिनं कधी डोळ्यांदेखत सुकू दिलं नव्हतं.

"सरक," ती म्हणाली. "फुलावर कोनी पानी ओतते काय? फडकं भिजवाचं, पिळाचं, अन् त्यात फूल ठेवाचं."

उन्हासाठी डोक्याला बांधलेले दोघींचे दुपट्टे तिनं भिजवले, घट्ट पिळले, घड्यांमध्ये कोरे कागद रचले आणि वर पिशवी दाबून ठेवली. पंधरा मिनिटांनी हाताच्या पाठीनं चाचपून पाहिलं.

"घे आता. एकेकच काढजो."

आठ चित्रं निघाली. आठही गाड्यांचे लाल डबे रेघेच्या आत. परीक्षक बाईंनी विचारलं, "कागद कोणी ओलावले? नवख्यांना हे जमायला महिने लागतात."

"माह्या आईनं," साधना म्हणाली.

संध्याकाळी तिचंच नाव पुकारलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं, तेव्हा कौशल्या वाळलेल्या दुपट्ट्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तुले बरं वाटून राहिलं ना?"

"नाई," कौशल्या म्हणाली. "तरी जाय."