रंग बसेपर्यंत

नव्या गाडीचा रंग ताबा घेताना उडून जाऊ शकतो, हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्यातून येतो तेव्हा तो गाडीवर नुसता टेकलेला असतो. कुणी फडकं मारलं, कुणी जोरात टाळी वाजवली, की तो दचकतो आणि जातो. मालकाच्या दारात एक रात्र काढली की त्याला घराची सवय होते आणि मग तो बसतो तो कायमचा. मिरज रोडवरच्या शोरूमसमोर विजेच्या तारांवर असे उडालेले रंग ओळीनं बसलेले असतात. एक मोरपंखी, एक तपकिरी, लाल तर कितीतरी. त्यांना कुणी हाकलत नाही.

पांढरा मात्र उडत नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही. म्हणून निम्मं गाव पांढऱ्या गाड्या घेतं आणि सुखानं झोपतं.

पद्मजा चौगुलेला पिवळी हवी होती. ओल्या हळदीचं कांडं मोडलं की आत दिसतो तो पिवळा. तिच्या घरात फ्रिज पांढरा, भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे. नवरा महावीर सगळ्या खरेदीला एकच वाक्य म्हणायचा, पांढरं बरं. लग्नानंतर तिनं एकदाच हट्ट करून निळी स्कूटर पसंत केली होती. शोरूमच्या माणसानं देता देता तिच्यावर हौसेनं फडकं मारलं आणि निळा उठून फाटकावरच्या कडुनिंबात जाऊन बसला. पद्मजानं त्याला खालून हाका मारल्या. मग दोघं पांढऱ्या स्कूटरवरून घरी आली, आणि त्यानंतर तिनं कुठल्याच रंगाचा विषय काढला नाही. या वेळी काढला होता. हा रंग घरी न्यायचाच, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

ती महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकायची. त्यामुळे आवाज न चढवता तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा तिला चांगला सराव होता. आठवडाभर रोज तिनं शोरूमला फोन केला. गाडी धुऊ नका, पुसू नका, फडकं तर तिला दाखवूसुद्धा नका. मॅनेजर इनामदार रोज म्हणायचे, "काळजीच करू नका मॅडम."

ताब्याच्या दिवशी ती, महावीर आणि थोरली नणंद मालनअक्का सकाळीच शोरूमवर पोहोचली. अक्कांच्या हातात पूजेचं ताट आणि पेढ्यांचा बॉक्स होता, आणि वाटभर त्यांनी एकच चेष्टा लावून धरली होती. "पिवळी घेतलीस ते बरं केलंस बाई. उद्या दारात पोरं दप्तर घेऊन उभी राहतील, शाळेची बस आली म्हणून."

गाडी शोरूमच्या मधोमध साटिनच्या कापडाखाली होती. तिच्याभोवती सगळा स्टाफ फडकी घेऊन उभा होता.

"हे काय?" पद्मजानं विचारलं.

"प्रोसिजर आहे मॅडम," इनामदार म्हणाले. "शेवटचा हात मारल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही. एकच मिनिट."

त्यांनी एकच मिनिट म्हटलं आणि बाहेर जायचं दार मागं सरकलं. मोठ्या शोरूमचं असंच असतं. मॅनेजर एकच मिनिट म्हणाला की जागा वाढते. पद्मजानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं एकेकाकडून फडकी मागून घेतली, नीट घड्या घातल्या आणि त्यांच्यावर महावीरला बसवलं.

"आता कापड ओढून काढू आणि टाळ्या वाजवू. त्याशिवाय फोटो चांगला येत नाही. एकच मिनिट." दार आणखी लांब गेलं.

"टाळ्या मनात वाजवा," पद्मजा म्हणाली.

स्टाफला ते पटलं. ती माणसं हात खाली सोडून रांगेत उभी राहिली आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवू लागली. त्यांच्या चेहऱ्यांवरून टाळ्या बऱ्याच जोरात चालल्या आहेत हे कळत होतं. पद्मजानं आणि अक्कांनी दोन बाजूंनी कापड धरलं, आणि झोपलेल्या बाळावरची मच्छरदाणी काढावी तसं अलगद वर उचललं.

पिवळा जागाच होता. तो बॉनेटपासून डिकीपर्यंत पसरून पहुडला होता आणि मधूनमधून थोडा फुगत होता. पद्मजाला फार आनंद झाला. महावीरही फडक्यांवरून उठून आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. अक्का म्हणाल्या, "बस दिसत नाही गं. चांगली आहे की."

नारळ फोडायचा नाही, गाडीला नुसता दाखवायचा, असं आधीच ठरलं होतं. तो दाखवून झाला. चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, तोही दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला घेऊन. इनामदार एकच मिनिट, एकच मिनिट म्हणत कधी फुगे आणायला जात होते, कधी किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती शोधत होते, आणि दार आता मिरजेच्या अलीकडे कुठंतरी बोटभर दिसत होतं. पण रंग जागेवर होता. पद्मजाला वाटलं, जमलं. तिनं सगळ्यांची फडकी काढून घेतली होती, सगळ्यांचे हात आवरले होते. घरच्या माणसाचं बोट तेवढं तिच्या लक्षातच आलं नाही.

कुंकवाचं बोट म्हणजे करंगळीशेजारचं. अंगठीचं बोटही तेच. अक्कांनी ते कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिली रेघ उभी ओढली, दुसरी आडवी ओढली, आणि लग्नापासून बोटात रुतलेली त्यांची सोन्याची अंगठी कर्र करून वाजली.

पिवळा उभा राहिला. त्यानं अक्कांकडं पाहिलं असावं, कारण अक्कांनी हात मागं घेतला. मग तो फडफडत उठला, सगळ्यांच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि छताजवळच्या ट्यूबलाइटवर जाऊन बसला. खाली गाडी नुसती गाडीएवढी राहिली. तिला रंगच नव्हता. तिच्याकडं बघताना नजर घसरून पलीकडच्या फरशीवर जात होती. कुंकवाची अर्धी खूण तेवढी हवेत होती.

"अंगठी निघत नाही गं," अक्का हळूच म्हणाल्या. "साबण लावूनसुद्धा निघत नाही."

इनामदारांनी खूण केली आणि स्टाफमधली दोन माणसं आतून घडी केलेला पांढरा घेऊन आली. इस्त्रीच्या कपड्यासारखा तो त्यांच्या हातांवर निमूट पडला होता.

"हा लगेच बसतो," इनामदार म्हणाले. "मागंपुढं उडायची भीती नाही. एकच मिनिट."

महावीरनं वर ट्यूबलाइटकडं पाहिलं आणि मग बायकोकडं. "घेऊन टाकू या का पद्मा? पांढरं बरं असतं."

"नको," पद्मजा म्हणाली.

"मग काय बिनरंगाची नेणार?"

"नेते."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना दिसायला तरी पाहिजे ना गाडी," ती म्हणाली, आणि चाचपत दाराची कडी शोधून आत बसली. कडुनिंबाखालून एकदा ती पांढरं घेऊन परत आली होती. ट्यूबलाइटखालून पांढरं घेऊन जाणार नव्हती. महावीर थोडा वेळ घुटमळला, मग शेजारी येऊन बसला. मागचं दार उघडलं आणि अक्का पेढ्यांच्या बॉक्ससकट आत शिरल्या. "माझ्यामुळं झालंय. मी पण येते."

पद्मजानं गाडी सुरू केली. शोरूम लांबच लांब होतं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या, आणि तिनं वेग वाढवला तरी दार तेवढंच राहत होतं, कारण इनामदार बाजूनं धावत होते. "मॅडम, एकच मिनिट. फोटो राहिलाय. एकच मिनिट." प्रत्येक वेळी पुढं नवी फरशी उगवायची. महावीर म्हणाला, पेट्रोल फारसं घातलेलं नसतं म्हणे शोरूमवाल्यांनी. ते खरं होतं, काटा तळाला टेकला होता.

तेव्हा अक्कांनी खिडकीची काच खाली केली.

"अहो भाऊ, तोंड गोड करा की," त्या म्हणाल्या, आणि इनामदारांनी पुढचं मिनिट मागायला तोंड उघडलं तसा त्यात पेढा घातला. त्यामागोमाग दुसरा. अक्कांना आग्रह करायची आयुष्यभराची सवय. इनामदार संस्कारी माणूस होते. तोंडातलं संपल्याशिवाय बोलले नाहीत. दार जागच्या जागी उभं राहिलं, मोठं होत आलं, आणि गाडी त्यातून बाहेर पडली.

बाहेर ऊन होतं. पद्मजानं आरशात पाहिलं. दारातून, वरच्या कडेला अंग चोरत, पिवळा बाहेर आला. तारांवरच्या रंगांनी त्याला जागा करून दिली, पण तो थांबला नाही. गाडीच्या मागं, मग गाडीच्या वर, तो रस्त्याबरोबर येऊ लागला. त्याची सावली काचेवर पडली तेव्हा तिघांचे हातही हळदीचे झाले.

"येतोय," अक्का म्हणाल्या. "वर बघू नका कुणी. आपलं आपण बोलत राहा."

मग ती तिघं काहीबाही बोलत राहिली. महावीरनं कांद्याचा भाव विचारला. पद्मजानं सांगितला. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि भाव चुकीचा सांगितला गेला तरी कुणी दुरुस्त केला नाही.

विश्रामबागच्या चौकात सिग्नल लाल झाला. पद्मजानं गाडी थांबवली. मागं ट्रक, टेम्पो, मोटारसायकली, एसटी, सगळी गर्दी येऊन उभी राहिली. पिवळा वर घिरट्या घालत खाली आला. त्याचं एक टोक आरशाला लागलं आणि आरसा पिवळा झाला. तो थांबला. मग बॉनेटच्या कडेवर अर्धा टेकला. कुंकवाच्या रेघांपाशी आला, आणि पुढं जावं की जाऊ नये असा तिथं थरथरत राहिला.

"पद्मा," महावीर ओठ न हलवता म्हणाला, "गिअर टाकू नकोस."

सिग्नल हिरवा झाला. मागं एकानंही हॉर्न वाजवला नाही.