नऊवारी कंबोडिया

२०२३ सालच्या नोव्हेंबरात माझ्या इरकलीवर कात्री चालायची वेळ आली होती, आणि त्याला कारण झाला कंबोडिया.

मी तेव्हा आखातात, अल बर्शाला मुलाकडे, उपेंद्रकडे राहत होते. नात मिहिका चौथीत. तिच्या शाळेत देशोदेशींचा दिवस होता. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, त्यात हिच्या वाट्याला कंबोडिया आला. झेंडा विकत आणायचा नाही, घरातल्या जुन्या कापडाचा करायचा, असा बाईंचा नियम. मिहिकाने आयपॅडवर झेंडा पाहिला, माझं कपाट उघडलं आणि किंचाळली, "आजी! युअर साडी इज लिटरली कंबोडिया!"

खोटं नव्हतं ते. झेंड्याला वर निळा पट्टा, खाली निळा पट्टा, मध्ये लाल आणि त्यात पांढरं देऊळ. माझी नऊवारी तशीच. लाल अंग, रुंद निळे काठ आणि पदरावर शिखरांसारखी पांढरी नक्षी. १९७१ साली माझ्या पहिल्या मंगळागौरीला आईने घेतलेली. मिरजेच्या दुकानात ती इतका वेळ बसली होती की दुकानदाराने शेवटी आम्हाला पोहे मागवले.

"आई, तुम्ही ती कधी नेसतही नाही," सून म्हणाली. अपर्णा तिचं नाव. "जुनीच आहे ना?"

"जुनी नाही. जपलेली आहे."

"मधला एक तुकडा कापू," उपेंद्र म्हणाला. "नऊ वार आहे, कळणारसुद्धा नाही."

"तुझे मधले केस गेलेत, तेही असेच कुणाला कळत नाहीत."

पण मिहिकाने कात्री आणली होती. काहीतरी करायला हवं होतं. आमच्या ह्यांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता आणि माझ्या डोक्यातून एकदा पाहिलेलं जात नाही. मी म्हटलं, "हा झेंडाच चुकीचा आहे. कंबोडियाचा झेंडा निळा असतो. कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात देऊळ आणि वर तीन पांढरे तारे."

मिहिकाने शोधलं. "ओ वाव, आजी इज राइट! बट दॅट्स नाइन्टीन-सेव्हन्टी."

"देश तोच ना? मग खलास. निळा करा. हॉलचे पडदे निळेच आहेत."

"त्या पडद्यांना चारशे दिरहम पडलेत, आई! नऊ हजार रुपये झाले!" अपर्णाने आयपॅड ओढून घेतला. "हे बघा, ब्याण्णवमध्ये तिथे युनोवाले होते, तेव्हाचा. आकाशी रंग, मध्ये पांढरा नकाशा. उपेन, तुझा तो आकाशी शर्ट..."

"तो मीटिंगचा शर्ट आहे!" आता आयपॅड उपेंद्रकडे गेला. "एकोणनव्वदचा घ्या. अर्धा लाल, अर्धा निळा. अर्धी साडी, अर्धा पडदा. फेअर."

ज्याचा कपडा धोक्यात, तो सरकार उलथवत होता. आमटी उतू गेली तरी कुणी उठलं नाही.

"कॅन वी प्लीज पिक वन?" मिहिका रडकुंडीला आली. "इट्स टुमॉरो!"

तेव्हा मला चान्था आठवली. ही खालच्या मजल्यावरची कंबोडियन बाई, माझ्याच वयाची. लेक हॉटेलात नोकरीला, म्हणून नातवाला सांभाळायला आलेली. बागेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती ख्मेरमध्ये बोलायची, मी मराठीत, आणि अडलं की दोघी मोडकं इंग्रजी. मी म्हटलं, "झेंडा तिचा, तिलाच विचारा." वयावरून ती ताऱ्यांच्या पक्षाची असणार, असा माझा हिशोब.

चान्था पेरूच्या फोडी आणि तिखटमीठ घेऊन आली. मिहिकाने सगळे झेंडे तिच्यासमोर धरले. सगळ्यात जुना लाल, चारी बाजूंनी निळा काठ असलेला. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "माय मदर." पुढचा निळा-लाल-निळा. "मी. स्कूल." मग तारे. "वेडिंग!" आणि हसली. तिचंही लग्न एकाहत्तरचंच निघालं.

मग पंच्याहत्तरनंतरचा, कत्तलींच्या वर्षांतला लाल-पिवळा आला. त्यावर तिने तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढचे दाखवले.

"सेम हाउस," ती म्हणाली. "फ्लॅग चेंज, चेंज, चेंज." शेवटी पुन्हा निळा-लाल-निळा. "कम बॅक," म्हणून तिने तो टकटक वाजवला. "धिस."

माझा पक्ष हरला. आता मागे हटणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीच साडी काढून पसरली आणि डोळे मिटून घेतले. अपर्णाने कात्री उघडल्याचा आवाज आला.

"नो!" चान्थाने तिच्या मनगटावर फटका मारला. मग मला उभी केली आणि ती साडी माझ्या गाऊनवरच गुंडाळायला लागली. मागे नेमका कासोटासुद्धा खोवला. त्यांच्याकडेही असंच नेसतात म्हणे.

"अगं, कापायची नाही, नेसायची!" मी ओरडले.

राहिलं देऊळ. चान्थाने चौफेर पाहिलं. खुर्चीवर उपेंद्रचा इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता. तो "यल्ला, चला जेवायला" म्हणेपर्यंत त्याच्या पाठीतून तीन शिखरं कापून झाली होती.

"पण पाच असतात ना?" तो क्षीणपणे म्हणाला.

"टू बिहाइंड," चान्था म्हणाली आणि पदरावर टाके घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाकीची मुलं झेंडा घेऊन आली, मिहिका झेंड्यासकट आजी घेऊन. पदर तिच्या हातात, उरलेली साडी माझ्या अंगावर. संगीत सुरू झालं आणि पोरगी निघाली. थांबेचना! पदर संपला, मी गिरकी घेतली. आधी निऱ्या गेल्या, मग कासोटा. लोकांना वाटलं नाच आहे, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी आतून उपेंद्रची ट्रॅकपँट घातली होती. एवढी अक्कल मला आहे. शेवटी या टोकाला ट्रॅकपँटमध्ये मी, त्या टोकाला मिहिका आणि मध्ये नऊ वार कंबोडिया, एक धागाही न कापलेला. पहिल्या रांगेत चान्था हात जोडून उभी राहिली. मग सगळी रांगच उभी राहिली.

चान्था पुढच्या वर्षी तिच्या गावी, बात्तामबांगला परत गेली. व्हिडिओ कॉलवर ती ख्मेरमध्ये बोलते, मी मराठीत, आणि आमचं व्यवस्थित भांडणही होतं. उपेंद्र पांढरे शर्ट आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. अपर्णाने हॉलला फुलाफुलांचे पडदे लावले; असा झेंडा कुठल्याच देशाचा नाही, हे तिने आधी बघून घेतलं. मिहिका सहावीत गेली. यंदा चिठ्ठीत तिला नेपाळ आला आहे. लाल अंग, निळे काठ आणि आकार दोन त्रिकोणांचा, म्हणजे कात्री लागणारच.

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे.