बाकात अडकलेले चहासाहेब

हे कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याची काळजीच वाटायला हवी. शाळा तपासायला आलेला एक धिप्पाड पर्यवेक्षक चौथीच्या बाकात अडकला आणि आठवडाभर निघालाच नाही.

या साहेबांना सगळ्या शाळांत ‘चहासाहेब’ म्हणत. चहा गार व्हायच्या आत त्यांची तपासणी उरकायची. त्या दिवशी तर काम किरकोळच होतं. चौथीचा वर्ग तोंडातून शब्द काढत नाही, तेव्हा बाईंना घरी बसवायचं, हे थोरल्या साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. यांनी फक्त डोकावून मान डोलवायची. बाईंच्याही ते कानावर गेलं होतं. हातातल्या खडूचं त्यांनी पीठ करून ठेवलं होतं.

वर्गातली खुर्ची मोडकी निघाली, म्हणून साहेब शेवटच्या बाकावर एका चिमुरडीशेजारी टेकले. बाईंनी विचारलं, कलिंगडाचे आठ तुकडे केले, दोन खाल्ले, तर किती भाग उरला? चिमुरडीचं तोंड उघडलं. तेवढ्यात घाबरलेल्या बाईंनीच उत्तर देऊन टाकलं. तोंड मिटलं. पुढच्या प्रश्नालाही तेच. साहेबांना चैन पडेना. आजवर त्यांनी फळ्याशेजारी उभं राहून शिक्षकांनाच न्याहाळलं होतं. मागून वर्ग कसा दिसतो, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. या पोरीच्या तोंडात अडलंय तरी काय?

घंटा झाली. साहेब उठायला गेले, तर बाकही उठला. मुख्याध्यापकांनी हात ओढले, कवायतीच्या सरांनी कंबर ओढली, वर वाटीभर तेल ओतलं. सरांची पाठ धरली, साहेब काही सुटले नाहीत.

‘राहू द्या,’ ते म्हणाले. ‘वर्ग चालू द्या.’

शाळा सुटल्यावर त्यांनी बाईंना हळूच सांगितलं, ‘प्रश्न विचारलात की ओठ मिटा. मी कान खाजवेपर्यंत उघडायचे नाहीत.’

दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच कलिंगडाचा प्रश्न विचारला आणि ओठ मिटले. वर्गही गप्प. बाईंना घाम फुटला, पण साहेबांचा हात कानाकडे जाईना. एवढी शांतता पसरली की खिडकीतल्या कबुतरानं घरटं बांधलं, अंडी घातली आणि पिल्लंही उडून गेली.

मग चिमुरडी बोलली. ‘पण बाई, कलिंगड लहान होतं की मोठं? ताईच्या मोठ्या कलिंगडाचा पाव भाग माझ्या अर्ध्यापेक्षा जास्त भरला तर?’

साहेब कान खाजवायचेच विसरले. त्यावर पुढचा एक बोलला, मग खिडकीजवळची दोघं भांडली, आणि वर्ग जो सुटला तो आवरेना.

शेवटी थोरले साहेब सुताराला घेऊन तणतणत आले. बाकीच्या शाळा वाऱ्यावर सोडून हा इथे बसलाय म्हणजे काय! दारातच पोरांनी त्यांना कलिंगडाचा प्रश्न घातला. थोरले साहेब बोटांवर हिशेब करत राहिले, बाई ओठ मिटून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं ते हसले आणि म्हणाले, ‘बाईंना राहू द्या. या माणसाला तेवढं बाहेर काढा.’

सुतारानं करवत उचलली.

‘बाक कापू नका, काका, आम्हाला बसायला लागतो,’ चिमुरडी म्हणाली. ‘आणि हे कुठे अडकलेत? मुख्याध्यापक चहाला गेले की हे रोज आमच्याशी लपंडाव खेळतात.’