माझीघाटचा शेवटचा नळ

सहाच्या ठोक्याला पंपावरून पाणी सुटणार होतं, आणि श्यामराव सप्रे पावणेपाचलाच पहिल्या ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभे होते. शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी ट्राममध्ये बसल्यावर लावली. कलकत्त्याच्या पाणीखात्यात ओव्हरसियर म्हणून अठरा वर्षं झाली होती. या काळात नळ कितीतरी सुरू करून दिले, पण त्यासाठी पहिली ट्राम कधी गाठली नव्हती.

खिदिरपूरच्या गोदीपलीकडे, नदीच्या अगदी काठाला माझीघाटची वस्ती होती. नावाडी, गोदीतले हमाल, फाळणीनंतर खुलन्याहून आलेली कुटुंबं, मिळून चारशे घरं. पाणी गंगेचं. ओहोटीला ते आणायला गुडघाभर चिखल तुडवावा लागायचा, आणि चैत्र लागला की मचूळ व्हायचं. दर उन्हाळ्यात पटकी ठरलेली. संडास टोपल्यांचे. दोन वर्षं नकाशे काढून आणि फायलींच्या मागे लागून श्यामरावांनी इथवर पाइप आणला होता. त्यावर पाच नळ, शेवटचा थेट घाटावर.

इंजिनिअर लाहिरीसाहेबांचा मात्र शेवटच्या दोन नळांवर विश्वास नव्हता.

"सप्रे, एवढ्या लांब दाब टिकत नसतो. त्यात तुमच्या पाइपाला मधला तो बांध चढायचाय."

शेवटी त्यांनी लेखी अट घातली. सकाळच्या पाळीत, म्हणजे नऊच्या आत, शेवटच्या नळाला पाणी आलं तर नळ राहतील आणि पुढच्या वर्षी भुयारी गटारही मंजूर होईल. नाही आलं तर बांधापलीकडचे पाइप उपसून दुसऱ्या कामावर न्यायचे. पाण्यावाचून गटार बांधणं म्हणजे नुसती घाण पुरून ठेवणं, हे श्यामरावांनाही मान्य होतं. म्हणून तर सगळा जीव त्या शेवटच्या नळात अडकला होता.

ते पोचले तेव्हा घाटावर जत्रा भरली होती. नळाच्या ओट्याभोवती कुणी तांदळाच्या पिठाची आलपना काढलेली, तोटीला झेंडूची माळ. घागरी, कळशा, रॉकेलचे डबे यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती.

सहाला पाणी सुटलं. श्यामरावांनी आपली लोखंडी सळई काढली. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की जमिनीखालचं पाणी बोलू लागतं. पहिल्या नळापाशी नुसती सळसळ. मग दुसऱ्यापाशी खळखळ. "आलं, आलं!" असं स्वतःशीच म्हणत ते अर्धं चालत, अर्धं पळत पुढे निघाले. वस्तीतली माणसं मागून.

पण सव्वाआठ झाले तरी घाटावरच्या नळातून थेंब नाही. तोटी सताड उघडी, आणि बायका तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या. साडेआठला लाहिरीसाहेबांची जीप आली. साहेबांनी तोटीखाली तळहात धरला आणि कोरडाच रुमालाला पुसला.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, तेवढं बरं.

श्यामराव मागे फिरले. बांधाच्या पंपाकडच्या पायथ्याशी सळई लावली, तर पाणी आत घुसमटून धडका देत होतं. बांधावर चढून लावली, तर आत शुकशुकाट.

बांधावरच्या तिसऱ्या नळापाशी सुचित्रामाशी, म्हणजे अख्ख्या वस्तीची मावशी, ठाण मांडून बसली होती. खुलन्याहून आलेली, अंगानं भरभक्कम, जीभ त्याहून.

"काय बर्गीबाबू, तोंड का उतरलं? पूर्वी तुमच्या मराठ्यांच्या, त्या लुटारू बर्गींच्या धास्तीनं कलकत्त्याभोवती खंदक खणला होता म्हणे. आता तुम्हीच येऊन खणताय, तर पाण्यानं घाबरू नये काय?"

"माशी, आज थट्टा नको. या नळाला कुणी हात लावला का?"

"हात? अहो, मुंगी शिरायची नाही! ही बघा." तिनं पदराआडचा नळ दाखवला. तोटी गच्च आवळलेली, वर सुतळीचे दहा वेढे. "काल तुम्ही सांगितलंत, मधला एकही नळ उघडायचा नाही, सगळा जोर शेवटच्या नळाला जाऊ द्या. मी गंगेत हात घालून शपथ घेतलीय."

श्यामराव जागच्या जागी थिजले. चढावर हवा कोंडते, ती सोडून दिल्याशिवाय पाणी पलीकडे उतरत नाही, हे त्यांनीच कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं. आणि काल संध्याकाळी हुरळून जाऊन, हवेची एकुलती एक वाट त्यांनीच बंद करवली होती!

"माशी, उघडा तो नळ!"

"छे!"

"अहो, उघडा!"

"गंगेची शपथ आहे. आणि मी उघडला, पाणी इथंच सांडलं, घाटावर गेलं नाही, तर खालच्या बायका जन्मभर माझ्या नावानं खडे फोडतील."

मागून लाहिरीसाहेब चढून येत होते. श्यामरावांनी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चूक माझी झाली. शपथ मी घ्यायला लावली, तिचं पाप माझ्या माथी. आत हवा अडकलीय. ती जाऊ दे, पाणी दिसलं की पुन्हा बंद करा."

माशीनं साहेबांकडे पाहिलं, मग गंगेकडे, आणि दातांनी सुतळी तोडली.

फुस्स! एवढा मोठा आवाज झाला की ती दोन पावलं मागे सरली. हवा सुटत होती, सुटतच होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. मग तोटी खोकली, थुंकली, आणि लालभडक गढूळ पाण्याची चूळ माशीच्या पांढऱ्या लुगड्यावर आली.

"बंद करा!" श्यामराव ओरडले आणि उतारानं धावत सुटले. पन्नाशीला आलेला माणूस, हातात सळई, धोतराचा सोगा वाऱ्यावर. ते घाटावर पोचायच्या आतच उलुध्वनी उठला, शुभकार्यात बायका जीभ हलवून काढतात तो. बायकांच्या त्या एका आवाजात नळाचा आवाज बुडून गेला होता, पण झेंडूची माळ तोटीसकट थरथरताना लांबूनही दिसत होती. पाणी आधी तांबडं, मग पिवळसर, मग स्वच्छ. लाहिरीसाहेब पोचले तेव्हा नऊला आठ मिनिटं बाकी होती. त्यांनी ओंजळ धरली, प्यायले, आणि पुन्हा धरली.

घागरीमागून घागर भरू लागली. सांडलेलं पाणी आलपना पुसत ओट्यावरून उतरलं, धुळीतून वाट काढत साहेबांच्या बुटापाशी आलं. त्यांनी पाय उचलला.

"सप्रे, संध्याकाळपर्यंत इथं डबकं होईल."

"होईल, साहेब."

"आणि रोज होईल."

"रोज."

साहेबांची नजर त्या पाण्यामागून गेली. "तुमच्या गटाराचा उतार कुठून धरलाय?"

"डावीकडून. नावांच्या शेडमागून."

"पण पाणी तर उजवीकडे चाललंय."

श्यामरावांनी वाकून पाहिलं. खरंच, ओहोळ उजवीकडच्या दोन झोपड्यांमधून निघाला होता, कुणाला न विचारता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली.

"मग नकाशा बदलतो, साहेब!"

दोघं पाण्यामागून चालू लागले. पुढच्या झोपडीतल्या बाईनं पाणी आणि त्यामागून ते दोघं येताना पाहिले आणि पेटती शेगडी दोन्ही हातांनी उचलून वाटेतून बाजूला घेतली.