व्हर्जिलमामाचा पाय

केंड्रा स्टिडम डॉक्टर होणार, हे बेअर फोर्कमधल्या लोकांनी तिच्याही आधी ठरवून टाकलं होतं. केंटकीच्या डोंगरातलं गाव. कोळशाची खाण बंद पडली आणि तिच्यामागोमाग दवाखानाही. म्हातारा डॉक्टर गेला तो गेलाच, त्याच्या जागी कुणी आलं नाही. अशा गावात एखाद्या पोरीला विज्ञानात बक्षिसं मिळायला लागली, की लोकांना दुसरं काय सुचणार? ती राज्याच्या मोठ्या विद्यापीठात निघाली त्या रविवारी चर्चमध्ये तिला पुढे उभी करून सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. सगळ्यात जड हात व्हर्जिलमामाचा होता. आई सोडून गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं. तो आणि ओपलमामी, दोघांना मूलबाळ नव्हतं.

मेडिकलला अर्ज करायचा तर आधी चार वर्षं कॉलेज काढायचं, आणि त्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्री चांगल्या गुणांनी पार करायची. निम्म्या पोरांची डॉक्टरकी तिथेच आटपायची. तो वर्ग इतका मोठा, की त्यात अख्खं बेअर फोर्क बसवलं असतं तरी मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या असत्या. तिथून सर लांब खाली ठिपक्याएवढे दिसत. केंड्रा पहिल्या रांगेत बसायची, सगळं उतरवून घ्यायची, खोलीवर येऊन घोकायची. गावात घोकून तिचं कधी अडलं नव्हतं.

शेजारी हॅडली नावाची मुलगी बसे. तिचे वडील हृदयाचे सर्जन, भाऊ मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला.

"तू हे पाठ करतेस?" हॅडलीनं एकदा तिच्या कागदांकडे बघून विचारलं. टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य वाटलं होतं तिला. "अगं, हे पाठ करायचं नसतं. रेणू कुठून कुठे वळतोय ते डोळ्यांना दिसायला लागतं."

केंड्राला काही दिसत नव्हतं. पहिल्या खेपेला ती नापास झाली. उन्हाळाभर तेच पुस्तक घेऊन बसली, दुसऱ्यांदा त्याच वर्गात गेली, आणि दुसऱ्या खेपेचा पहिला पेपर आधीपेक्षाही वाईट गेला. श्रेणी वर्गाच्या सरासरीवरून ठरे. त्यामुळे कुणाचा पेपर वाईट गेला की तिला आत कुठेतरी बरं वाटे, आणि आपल्याला बरं वाटलं म्हणून मग तासभर काही सुचत नसे.

सल्लागारबाईंनी तिला बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी आधी तिला चघळायला पेपरमिंटची गोळी दिली.

"दुसरं काही डोक्यात आहे का तुझ्या? हॉस्पिटलचा कारभार, सार्वजनिक आरोग्य?"

"मी डॉक्टर व्हायला आलेय, बाई."

"सगळेच येतात गं," बाई हळूच म्हणाल्या. "दोनदा नापास झालेल्या मुलीचा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. आत्ता विषय सोडलास तर निदान दुसरा 'नापास' लागायचा नाही."

तिनं विषय सोडला, आणि त्याबरोबर डॉक्टरकीही. बाहेर येऊन ती गवतावर बसली. आजूबाजूला पोरं चकती फेकत होती, हसत होती. घरी फोन करायचा म्हणून तिनं तो हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जायचंच आहे, तेव्हा तोंडावर सांगू, असं तिनं ठरवलं.

घरी टर्की होती, मक्याचा पाव होता, मामीच्या हातच्या घेवड्याच्या बिया होत्या. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मामानं "आमच्या डॉक्टरला बुद्धी दे" म्हटलं, तेव्हा केंड्राचे डोळे मिटलेलेच होते, ते तिनं आणखी घट्ट मिटले. जेवण झाल्यावर सांगायचं म्हणून ती भांडी पुसत घुटमळत होती, तेवढ्यात मामानं तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मामीला बोलू नकोस," तो म्हणाला. "तुला एक दाखवायचंय."

त्यानं मोजा काढला. मामाला मधुमेह होता, हे साऱ्या घराला माहीत होतं आणि कुणीच मनावर घेत नव्हतं. अंगठ्याच्या खाली एक जखम होती, कडेनं काळपट पडलेली. मोज्याला वास येत होता.

"मामा, हॉस्पिटलमध्ये दाखव ना."

"ते कापतात. आपल्या चर्चमधला हायरम पायाचं बोट दाखवायला गेला आणि गुडघ्यापर्यंत देऊन आला. तिथं मला कोण ओळखतंय? तू बघ. तू म्हणशील तसं करतो."

तो पलंगावर पाय वर घेऊन, लहान पोरासारखा तिच्याकडे बघत बसला. कित्येक महिन्यांत तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती विद्यापीठाच्या हॉस्पिटलात फुकट काम करायची. चाकाच्या खुर्च्या ढकलायची, हातमोजे भरून ठेवायची. तिथले डॉक्टर कसे वाकतात, कसे दाबतात, ते तिनं बघितलं होतं. ती तशीच वाकली. दोन बोटांनी जखमेच्या कडेला दाबलं.

"दुखतं?"

"छे. काहीच लागत नाही."

"दुखत नाही ना? मग ठीक आहे," केंड्रा म्हणाली. आपला आवाज तिला खऱ्या डॉक्टरसारखा वाटला. "कोमट मिठाच्या पाण्यात बुडवत जा. मी तिकडे सरांना विचारते."

"बघ! म्हटलं ना मी," मामानं तिच्या पाठीवर थाप मारली. "उगाच घाबरत होतो."

त्यानंतर विषय सोडल्याचं सांगणं तिला जमलंच नाही.

परत गेल्यावर तिनं ग्रंथालयातलं जाड पुस्तक काढलं. मधुमेही माणसाच्या पायातली जाणीव मेलेली असते, जखम दुखत नाही हेच वाईट लक्षण, असा पाय पाण्यात भिजत ठेवायचा नसतो. तिनं लगेच फोन लावला. मामीनं उचलला.

"पाय ना? मला कळलं, सांगितलं त्यानं. तू म्हणालीस ठीक आहे म्हणून किती खूश आहे! रोज बुडवतो. आत्ता बाहेर गेलाय."

"मामी, मला वाटतं... जमलं तर एकदा दाखवून घ्या."

"हो, हो, सांगते. तू अभ्यासाकडे बघ, बाळ."

माझं चुकलं, मला काही कळत नाही, आजच्या आज घेऊन जा, हे एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. तिनं फोन ठेवला आणि आता मामी सांगेल अशी स्वतःची समजूत घातली.

नाताळच्या आधी मामाला ताप भरला. शेजाऱ्यांच्या गाडीतून डोंगर उतरून नेईपर्यंत तो बरळायला लागला होता. केंड्रा पोचली तोवर त्याचा पाय गुडघ्याखालून गेला होता.

शुद्धीवर आल्यावर तो येईल त्या नर्सला सांगायचा, "ही माझी भाची. डॉक्टर होणार आहे. तिनं मला जा म्हणून सांगितलं होतं बरं का, मीच खेचरासारखा हट्टी. ऐकलं नाही."

"हो का? कितव्या वर्षाला?" नर्सनं कौतुकानं विचारलं. केंड्रानं पाणी आणायचं निमित्त केलं.

तो तिच्यासाठी अर्धंच सांगत होता, तिनं 'ठीक आहे' म्हटलेलं गाळून. ते तिला सहन होईना. मामी खाली जेवायला गेली, तेव्हा ती पलंगाजवळ आली.

"मामा, मी ते सोडलं. मेडिकलचं. मला जमत नव्हतं."

"कधी?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधी."

त्यानं पांघरुणाकडे बघितलं, जिथे एकीकडे उंचवटा होता आणि दुसरीकडे सपाट.

"म्हणजे तू पाय बघितलास तेव्हा..."

"हो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिनं खाल्ल्या असत्या. तो चिडला नाही. नुसता दमल्यासारखा म्हणाला, "तेव्हा सांगायचंस गं. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं."

त्यानं तोंड खिडकीकडे केलं.

ती पुन्हा विद्यापीठात गेली, कारण दुसरीकडे कुठे जायचं तेही तिला कळत नव्हतं. तिनं दुसरा विषय घेतला. कोणता, हे मामानं कधी विचारलं नाही. चर्चमधल्या बायका "अभ्यास कसा चाललाय, डॉक्टर?" म्हणायच्या, आणि मामा ते गुपचूप ऐकून घ्यायचा. त्यानं गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिनंही नाही.

वसंतात ती घरी आली तेव्हा जिल्ह्याहून येणारी नर्स आत होती. केंड्रा दारात उभी राहिली. मामानं तिला बघितलं आणि उरलेल्या पायावरची पॅन्ट झटकन खाली ओढली.

"काय झालं, मामा? त्या पायाला काही—"

"काही नाही," तो म्हणाला. "हे आपलं नेहमीचं."

मामी उठून तिच्याजवळ आली. तिनं केंड्राच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं.

"तू जरा बाहेर बस, बाळ. बाईंचं होऊ दे."

केंड्रा बाहेर येऊन पायरीवर बसली. आत नर्स काहीतरी विचारत होती आणि मामा एकेका गोष्टीचं नीट, सविस्तर उत्तर देत होता.