शकुनबाईचं लोकरीचं कपाट

तुमसरात थंडी पडते ती जेमतेम दीड महिना. संक्रांत उलटली की लोक स्वेटर काढून खुंटीला अडकवतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. अशा गावात भोजराज सेठच्या बायकोने, शकुनबाईने, अकरा वर्षांत सात पोती लोकर जमवली होती. पोती म्हणजे खरीच पोती, त्यांच्या राईस मिलमधली, तांदळाची. आणि एवढ्या लोकरीतून तिने विणलं काय? एक मफलर. तोही अर्धा.

तो अर्धा मफलर रत्नाबाईने पाहिला होता. एका टोकाला वीतभर रुंद, मध्ये चार बोटं, पुढे पुन्हा वीतभर. टाके गळत गेले तशी ती विणत गेली होती आणि दमली तिथे थांबली होती. शकुनबाईचं नाव निघालं की रत्नाबाईला तो मफलर आठवायचा आणि तिच्या ओठाचा एक कोपरा खाली जायचा.

तसा तो कोपरा सगळ्यांसाठीच खाली जायचा. रत्नाबाई गावात कोणाला मोजत नसे. नवरा टिकाराम गेल्यापासून तिने दोन सुयांवर घर ओढलं होतं, मुलगी चंद्रकांता शिकवली होती. अर्ध्या गावाचे स्वेटर तिच्या हातचे, आणि ज्या बाया ते तिच्याकडून करून घ्यायच्या त्याच पाहुण्यांसमोर 'मीच विणलं' म्हणून सांगायच्या. त्यांना साधा उलटा टाका घालता येत नाही हे तिला ठाऊक होतं. ती तोंडावर काही बोलत नसे. घरी येऊन मात्र एकेकीची अशी नक्कल करायची की चंद्रकांता हसून लोळायची.

शकुनबाईच्या वेडाची सुरुवात बद्रीनाथच्या यात्रेत झाली होती. तिकडे बसमध्ये कोण्या साहेबाची बायको विणत बसलेली तिने पाहिली, आणि विणणं म्हणजे मोठ्या घरचं लक्षण, असं तिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून पंजाबकडचा जो ट्रक मिलवर तांदूळ भरायला येई, त्याच्या ड्रायव्हरला ती बजावून सांगायची, पुढच्या खेपेला लोकर आण. ड्रायव्हर बिचारा काय आणणार? दुकानात जी खपत नसेल ती बांधून आणायचा. शकुनबाई ती पोत्यात कोंबायची, पोतं मिलच्या मागच्या खोलीत कोंड्याच्या ढिगाजवळ ढकलायची आणि पुढच्या ट्रकची वाट बघायची.

ब्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर तिने रत्नाबाईला बोलावणं धाडलं. डोमा सुताराकडून तिने सागवानी कपाट करून घेतलं होतं, काचेच्या दारांचं, छत्तीस खणांचं. कपाट बैठकीत उभं होतं आणि रिकामं होतं.

"रत्नाबाई, लोकर लावून द्या मले याच्यात," ती म्हणाली. "भंडाऱ्याच्या देवगडेबाई येऊन राहिल्या. जेवाले आपल्याच घरी हायेत. कपाट पाहून त्यायचे डोळे फिरले पाह्यजे."

देवगडेबाई हे नाव ऐकून रत्नाबाई सावरून बसली. गावातल्या मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवणाऱ्या बाईची जागा निघाली होती. चंद्रकांताने त्यासाठीच नागपूरला राहून डिप्लोमा केला होता आणि अर्ज टाकला होता. कमिटीवर पाच पुरुष, अध्यक्ष भोजराज सेठ. त्या पाचांपैकी एकालाही सुईचं टोक कुठलं ते सांगता आलं नसतं, म्हणून परीक्षा घ्यायला भंडाऱ्याहून या सेवानिवृत्त बाई बोलावल्या होत्या.

"चंद्रकांताचं मी यायच्या कानावर घालीन," शकुनबाई सेठच्या खुर्चीकडे मान वळवून म्हणाली. "तुमी कपाटाचं पाहा. बाकीचं माझ्याकडं लागलं."

त्या एका वाक्यासाठी रत्नाबाईने पदर खोचला. मुलीला ती जागा मिळाली म्हणजे लोकांचे स्वेटर विणून डोळे फोडायची गरज उरणार नव्हती. आणखी वीस वर्षं या असल्या बायांच्या पायऱ्या चढाव्या लागणार नव्हत्या.

पोती उघडली तेव्हा आतून कोंड्याचा आणि उंदरांचा वास आला. तांदळातले सोंडे लच्छ्यांवरून फिरत होते. कोणीतरी मूठमूठ डांबरगोळ्या फेकल्या होत्या, त्या विरघळून पांढऱ्या लोकरीला डाग पडले होते. गुलाबी लोकरीला कसर लागलेली, हात लावला की धागा तुटून हातात येई. पिवळ्या लोकरीत उंदरीण व्याली होती.

"चला, उंदरानं तरी वापरली," रत्नाबाई म्हणाली. चंद्रकांताने तोंडावर पदर धरला.

मायलेकींनी सगळी लोकर गच्चीवर उन्हात पसरली, झटकली, कुजलेली बाजूला काढली. गुंते सोडवता सोडवता दोन दिवस गेले. शकुनबाईची सून शशिकला गोंदियाची, बी.ए. झालेली. ती तिथेच झोपाळ्यावर सिनेमाचं मासिक वाचत पडलेली असे. एकदा तिने मान वर करून विचारलं, "मावशी, लोकर धुतली का आखडते म्हनते. म्हनून आईनं येवढी घेऊन ठेवली का?"

रत्नाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग पुढचा गुंता हातात घेतला. त्या रात्री घरी बी.ए.ची नक्कल झाली ती अर्धा तास चालली.

तिसऱ्या दिवशी शकुनबाई गच्चीवर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रंगारंगानं लावा. लाल एकीकडं, हिरवी एकीकडं. साडीच्या दुकानावानी मस्त दिसन."

"असं नाई लावत लोकर," रत्नाबाई म्हणाली.

आणि तिने शकुनबाईला शिकवायला घेतलं. आधी जाडी बघायची. तीन पदरी वेगळी, चार पदरी वेगळी. मग लॉट. प्रत्येक पुड्यावर कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर नंबर असतो. एकाच नंबरची लोकर एकाच वेळी रंगवलेली. नंबर बदलला की रंगात केसभर फरक पडतो, घरात दिसत नाही, उन्हात दिसतो. दोन लॉट मिसळले तर स्वेटरची छाती एका रंगाची आणि बाही दुसऱ्या. म्हणून चिठ्ठी कधी फेकायची नाही आणि लॉट कधी मोडायचा नाही. शकुनबाई हं हं करत होती. तिला त्यातलं काही कळलं असेल तर मिलमधल्या बैलालाही कळलं असतं.

ती खाली गेल्यावर चंद्रकांता म्हणाली, "आई, तिले जसं पाह्यजे तसं लाव न. रंगानं तं रंगानं. तिचं कपाट हाय."

"अन् देवगडेबाईनं पाहिलं तं हसन ते! ज्याले थोडं बी समजते तो हसन."

"हसू दे न. शकुनबाईले हसन. तुले कोन ओळखते?"

रत्नाबाईने ऐकलं नाही. जाणकार बाई येणार आणि आपल्या हातून गेलेलं काम वेडगळ दिसणार, हे तिला सहन होईना. शकुनबाईचं नाव गेलं तरी चालेल, काम नको जायला. पुढचे पाच दिवस ती तहानभूक विसरून राबली. गुंड्या सैल गुंडाळल्या, घट्ट गुंडाळली की लोकर ताणून मरते म्हणून. वाळवलेला कडुनिंब पातळ कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून खणाखणात ठेवला. चिठ्ठ्या त्या त्या गुंडीखाली सरकवल्या. वर प्रत्येक लोकरीचा चार बोटांचा चौकोनी नमुना विणून खणाच्या तोंडाशी टांगला, आत हात न घालता वीण कळावी म्हणून. छत्तीस खण, छत्तीस नमुने, प्रत्येकाची वीण वेगळी. आपल्या आयुष्यात इतकं नेटकं काम तिने दुसरं केलं नव्हतं, आणि ते ज्या घरात उभं होतं त्या घरात एकाही माणसाला ते वाचता येत नव्हतं. याचा तिला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी चंद्रकांता शाळेतून आली ती फुललेल्या चेहऱ्याने. देवगडेबाईंनी विणायला लावलं, मुद्दाम टाके गाळून परत उचलायला लावले, दोनदा मान हलवली. रत्नाबाईने देवापुढे साखर ठेवली आणि ती शकुनबाईकडे वडे तळायला गेली. मोठ्या घरी पंगत असली की तिला तसं बोलावणं असायचंच.

जेवायला बसायच्या आधी शकुनबाईने सगळ्यांना कपाटापुढे उभं केलं. रत्नाबाई वड्यांचं ताट घेऊन दाराशी थांबली. देवगडेबाई बारकुड्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. मग काचेचं दार सरकवलं, एक गुंडी उचलली, खालची चिठ्ठी वाचली. शेजारच्या खणातली वाचली. एक नमुना उलटा करून त्याची मागची बाजू पाहिली.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं. "तीस वर्षं शिकवलं मी. दुकानदारसुद्धा लॉट इतके जपत नाहीत."

दाराशी उभ्या रत्नाबाईचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत या गावात तिचं काम पहिल्यांदा कोणी वाचलं होतं.

"आमच्या सुनेनं," शकुनबाई म्हणाली.

रत्नाबाईला आतल्या आत हसू फुटलं. मार म्हटलं बाई फुशारकी, मारून मारून किती मारशील.

देवगडेबाई शशिकलाकडे वळल्या. "ही तपकिरी दोन खणांत का ठेवलीस गं? मला तर दोन्ही सारख्याच दिसतात."

शशिकलाने कपाटाकडे पाहिलं. सासूकडे पाहिलं. मग तिची नजर दाराशी आली. शकुनबाईही तिकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत गयावया होती. मिलच्या मालकिणीचे असे डोळे रत्नाबाईने आजवर पाहिले नव्हते. आता हिची लाज राखली तर ही जन्मभर आपल्या मुठीत, तिच्या मनाने झटकन हिशोब केला. चंद्रकांताची जागा पक्की. शिवाय तपकिरी लोकरीबद्दल त्या जाणत्या बाईला काहीतरी खुळचट उत्तर मिळालेलं तिला ऐकवलं नसतं.

"दोन लॉट हायेत ते, बाई," ती पुढे होऊन म्हणाली. "उन्हात नेली का एक लालसर दिसते. सूनबाईनंच मले उन्हात नेऊन दाखवलं."

देवगडेबाईंनी दोन्ही गुंड्या खिडकीशी नेल्या, उन्हात धरल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"भोजराजजी," त्या म्हणाल्या, "सकाळच्या मुलीचा हात चांगला आहे. पण हात काय, शिकवून तयार होतो. ही नजर शिकवून येत नाही. घरात अशी सून असताना तुम्ही बाहेर कशाला शोधता?"

भोजराज सेठने सुनेकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच घरात आली होती. "शिकेल हाय ते," तो म्हणाला. "बी.ए. हाय." कमिटीच्या बाकी चौघांनी माना डोलावल्या. त्यांना भूक लागली होती.

रत्नाबाईने तोंड उघडलं. पण काय सांगणार होती? आत्ताच, याच तोंडाने, तिने साक्ष दिली होती. ताटातला एक वडा घसरून खाली पडला. तो उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि उरलेला घाणा तळला. पंगतीत सगळ्यांनी वड्यांची तारीफ केली.

आठ दिवसांनी नेमणुकीची ऑर्डर निघाली, शशिकलाच्या नावाने. त्याच दुपारी शकुनबाई स्वतः चालत रत्नाबाईच्या घरी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हातात निळ्या लोकरीचा पुडा होता.

"तुमचे उपकार कसे फेडू मी, रत्नाबाई," ती म्हणाली, आणि ती मनापासून बोलत होती. "पण सोमवारी शाळा हाय, अन् तिले टाके घालनं बी येत नाई. चंद्रकांताले चार दिवस पाठवा न शिकवाले. आपल्याच घरचं समजा."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. आपण काय केलं हे त्या बाईच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं, आणि शिरणारही नव्हतं. धड शत्रू व्हायचीही हिची लायकी नाही, असं रत्नाबाईला वाटलं. पुडा ठेवून शकुनबाई गेली.

मग रत्नाबाई सुटली. शकुनबाईचा मफलर, तिची सून, तिचा नवरा, कमिटीचे ते चार खादाड, चष्मेवाली देवगडेबाई, कोणालाही तिने सोडलं नाही. "नजर म्हने! डोळ्यासमोरचं खोटं दिसलं नाई, अन् नजर पाहून राहिली दुसऱ्यायची!"

चंद्रकांता कोपऱ्यात पिशवी भरत होती. आज ती हसत नव्हती.

"त्यायले काहून बोलतेस?" ती म्हणाली. "शकुनबाईले लोकर दाखवाची होती, तुले अक्कल दाखवाची होती. मी त्या दिवशी सकाळी शाळेत खरं विणून आलो, अन् दुपारी तू भरल्या घरात माझ्यावर पानी सोडलं."

"मी तं तुझ्यासाठीच..."

"ते तपकिरी लोकर माझ्यासाठी होती का, आई?"

चंद्रकांताने दहा नंबरच्या सुयांची जोडी पिशवीत टाकली, निळा पुडाही टाकला.

"कुठं चालली?"

"शशिकलाले शिकवाले. कोनाले तरी शिकवाचंच होतं न मले."

ती गेली. तुमसरातल्या प्रत्येक बाईसाठी रत्नाबाईच्या जिभेवर एक शिवी कायमची तयार असायची. त्या दुपारी तिला स्वतःसाठी एक हवी होती. बराच वेळ ती शोधत बसली, आणि एकही पुरी पडेना.