चहाची बंदी

तिसऱ्या आठवड्यातही मीरगुल पावच कापत होती.

बिश्केकहून निघताना तिनं जाडजूड फाइल बरोबर घेतली होती. प्रत्येक धावपटूसाठी वेगळा तक्ता, सरावाआधी काय खायचं, नंतर काय, कधी, किती. खेळाडूंच्या आहाराचं शिक्षण घेणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे कुठंतरी प्रत्यक्ष काम करावं लागे, आणि मीरगुलनं हौसेनं किर्गिझस्तानातल्याच इसिक-कुल सरोवराच्या काठचं लांब पल्ल्याच्या धावपटूंचं शिबिर मागून घेतलं होतं. पहिल्या दिवशी प्रशिक्षक ताबाल्दी अगाईंनी, म्हणजे ताबाल्दी सरांनी, फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि मिटून परत दिली.

"छान आहे. अक्षर सुंदर आहे तुझं. तुर्सुन एजेला स्वयंपाकघरात माणूस कमी आहे. जा."

तेव्हापासून ती स्वयंपाकीण तुर्सुन एजेच्या, म्हणजे तुर्सुनताईच्या, हाताखाली बटाटे सोलत होती, पाव कापत होती, अठ्ठावीस जणांसाठी वाडगे मांडत होती. तक्त्याचं नाव काढलं की अगाई म्हणायचे, "पोरी, मी धावायचो तेव्हा मटण आणि पाव खायचो. तक्ते खात नव्हतो."

निदान बघायला तरी मिळतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. कोण काय खातं, काय टाकतं, हे ती वाडगे उचलता उचलता टिपून ठेवायची. त्या टिपणांत एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. ऐतुर्गान.

एकोणीस वर्षांची ऐतुर्गान नारिनकडच्या डोंगरातली. पाच हजार मीटरमध्ये गेल्या वर्षी तिनं भल्याभल्यांना मागं टाकलं होतं. ऑगस्टमधल्या निवड शर्यतीत तिची जागा पक्की, असं सगळे धरून चालले होते. पण जूनपासून तिची वेळ घसरत होती. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय जड व्हायचे, ओठ पांढरे पडायचे. अगाई मैदानाच्या कडेनं ओरडायचे, "झोप पुरी नाही झाली का राणीसरकारांची? उशी आणून देऊ?"

भर जुलैत ती लोकरीचा स्वेटर घालून जेवायला यायची. मटणाचे तुकडे कडेला सारायची, धावताना जड होतं म्हणून. पावाबरोबर काळा चहा मात्र सहा-सहा वाट्या. आणि एकदा मीरगुलनं तिला मागच्या दारात, मासे ठेवायच्या पेटीतला बर्फ कडाकडा चावताना पाहिलं.

"काय गं हे?"

"सांगू नकोस कुणाला," ऐतुर्गान ओशाळून हसली. "वेड लागल्यासारखं होतं, एजे. बर्फ दिसला की तोंडाला पाणी सुटतं."

हे मीरगुलनं पुस्तकात वाचलं होतं, अगदी असंच. ती तडक अगाईंकडे गेली.

"तिचं रक्त तपासायला हवं. शरीरात लोह कमी असणार. आणि जेवणाबरोबर चहा बंद करायला हवा. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभरानं प्यायला तर चालेल."

अगाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं जेवणाबरोबर श्वास बंद करायला सांगितलं होतं. मग ते मोठ्यानं हसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "तुर्सुन! ऐकलंस का? डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझा चहा विष आहे!"

तुर्सुन एजे हातातला झारा घेऊनच बाहेर आली. "माझा चहा? अगं, चहा नाही तर घास घशाखाली काय काठीनं ढकलायचा? माझी चार पोरं चहावर वाढली. एक सैन्यात आहे!"

"विष नाही म्हटलं मी, एजे. फक्त तासाभरानं…"

"तासाभरानं! आलेल्या पाहुण्याला पण तासाभरानंच देऊ का? बस म्हणू दारात?"

दोन दिवस तुर्सुन एजे तिच्याशी बोलली नाही. मीरगुल मात्र हट्टाला पेटली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी तिनं सगळ्या किटल्या कोठारात नेऊन कुलूप लावलं आणि सांगितलं, चहा तीन वाजता. पाच मिनिटं सगळे किटल्यांची वाट बघत बसले. मग कुणीतरी वाडगा वाजवायला सुरुवात केली, दुसऱ्यानं साथ दिली, आणि अठ्ठावीस चमचे एका तालात वाजू लागले. भालाफेकीचा पाहुणा प्रशिक्षक नेमका त्या दिवशी आला होता. पाहुण्यापुढं कोरडा पाव. अगाईंनी किल्लीसाठी नुसता हात पुढं केला. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

रविवारी सुट्टी होती. बाजाराला जातो असं बाकीच्यांना सांगून मीरगुलनं ऐतुर्गानला मिनीबसमध्ये बसवलं, वाटेत तिला सगळं समजावलं आणि कराकोल शहरातल्या दवाखान्यात नेलं.

"सुईला घाबरते मी," ऐतुर्गान म्हणाली.

"पाच हजार मीटर धावतेस आणि सुईला घाबरतेस?"

"धावताना कुणी टोचत नाही ना! पण एजे, हे कळलं की मी बरी होईन ना? निवडीच्या आधी?"

"होशील," मीरगुल म्हणाली. म्हणायला नको होतं. बरं व्हायला महिने लागतात, हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी मीरगुलच्या फोनवर निकाल आला. रक्त कमी होतं, आणि लोहाचा साठा सहा. तो तीसच्या वर तरी असायला हवा होता. आपलं खरं ठरलं, याचा मीरगुलला आनंद झाला. शिबिरात आल्यापासूनचा पहिला आनंद. ती जवळजवळ धावतच मैदानावर गेली आणि तिनं फोन अगाईंच्या पुढं धरला.

अगाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. या वेळी हसले नाहीत. शिट्टी वाजवून त्यांनी ऐतुर्गानला ट्रॅकवरून बाहेर बोलावलं.

"सामान बांध. घरी जा. खा, पी, गोळ्या घे. निवडीला तू नाहीस."

"अगाई!" ऐतुर्गान आणि मीरगुल दोघी एकदमच म्हणाल्या.

"असल्या रक्तावर मी कुणाला पळवत नाही."

"पण दोन आठवडे आहेत अजून," मीरगुल म्हणाली. "सराव कमी करू, आहार मी बघते…"

"दोन आठवड्यांत भरतं हे?"

मीरगुलनं पुढं धरलेला फोन खाली घेतला.

ऐतुर्गान तिच्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. "तू सांगितलंस यांना? मला आधी नाही सांगितलंस? माझं रक्त होतं ते!"

"तुझ्या भल्यासाठीच…"

"माझ्या भल्यासाठी! मी हळू का होईना, पळत होते. आता मी आजारी आहे. गावी जाऊन काय सांगू? तुला पुरावा मिळाला ना तुझा? लाव फाइलमध्ये!"

त्या मुलीचं बोलणं खरं होतं. निकाल आधी तिच्या हातात द्यायला हवा होता. मीरगुल धावली होती ती आपलं खरं ठरलं हे दाखवायला.

संध्याकाळी ऐतुर्गान गेली. मीरगुलनं लोहाच्या गोळ्यांची पाकिटं तिच्या पिशवीत कोंबली. तिनं ती काढून फेकली नाहीत, पण वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अगाईंनी फर्मान काढलं: जेवणाबरोबर कुणालाही चहा नाही. इतके दिवस मीरगुल ज्यासाठी डोकं आपटत होती, ते एका वाक्यात झालं, आणि तिचं नावही निघालं नाही. नाव निघालं ते फक्त शिव्या देताना. "चहाचोर आली," मुलं कुजबुजायची. तुर्सुन एजे भांडी आपटून ठेवायची. "सगळ्यांचं रक्त तपासा, ज्यांना गरज असेल त्यांनाच…" असं मीरगुलनं सुचवून पाहिलं, तर अगाई म्हणाले, "तूच म्हणालीस ना चहा बंद करा? केला. आता काय?"

शेवटच्या दिवशी ती कॉलेजच्या कागदावर शेरा आणि शिक्का घ्यायला त्यांच्या खोलीत गेली. अगाईंनी कागद पुढं ओढला.

"तीस वर्षं मुलं पळवतोय," ते म्हणाले. "पोरीचे ओठ पांढरे दिसत होते मला. मी उशी आणू का विचारत होतो." मग त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, कागद तिच्याकडे सरकवला.

मिनीबसमध्ये बसल्यावर तिनं वाचलं. 'विद्यार्थिनीने स्वयंपाकघरात मदत केली. शिस्तप्रिय. वक्तशीर.'

तिला इतका राग आला की कागद फाडावासा वाटला. पण त्यावर शिक्का होता. तिनं तो घडी घालून ठेवला आणि बालिकची शहर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

ऐतुर्गानला तिनं माफीचे तीन निरोप पाठवले. तिन्ही वाचले गेले, उत्तर एकाचंही आलं नाही. निवड झाली, दुसरीच कुणी मुलगी संघात गेली.

सप्टेंबरमध्ये वर्गात बसलेली असताना फोन थरथरला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

'गोळ्यांनी पोट दुखतं. बंद करू?'

समोर प्राध्यापक बोलत होते. मीरगुलनं फोन बाकाखाली धरला. तिनं एवढं मोठं उत्तर टाइप केलं की पडदा भरून गेला. मग ते सगळं पुसून पुन्हा लिहिलं.

'बंद करू नकोस. एक दिवसाआड घे. बाकी कसं वाटतंय, ते आधी तू सांग.'